रफूवालीच्या जबाबातलं कानातलं

माझ्या घराच्या तळमजल्यावरची रस्त्याकडची खोली मी एका रफूवालीला भाड्याने दिली, त्याला आता बरीच वर्षं झाली. खोली बघायला आली तेव्हा तिने आधी मलाच तपासलं. नळाला पाणी किती वेळ असतं हे मला विचारलं, मग बाहेर जाऊन तेच शेजारणीला विचारलं, आणि दोन्ही उत्तरं जुळल्यावर आत येऊन बसली.

"राग मानू नका काकू," ती म्हणाली. "तुम्ही खोटं बोलाल असं नाही. पण भाडेकरू हवा असला की माणसाच्या नळाला पाणी जरा जास्त येतं."

मला राग आला नाही, हसू आलं.

ती शिडशिडीत, चाळिशीच्या अलीकडची, एकटी राहणारी बाई होती. चष्मा इतका जाड की तो काढला की तिचे डोळे एकदम लहान आणि पोरके दिसत. कामाला मात्र पक्की. कुणी कोट घेऊन आलं की ती तो खिडकीच्या उजेडात धरी आणि जिथे जिथे भोक असेल तिथे गिऱ्हाइकासमोर पांढऱ्या दोऱ्याचा एकेक टाका घाली. आपलं काम झाल्यावर गिऱ्हाइकाने नवं भोक दाखवून "हे तुम्हीच पाडलंत" म्हणू नये, म्हणून ही तजवीज. एकदा एक गृहस्थ वैतागले. म्हणाले, "अहो बाई, मी एक भोक बुजवायला आलो होतो, तुम्ही तर कोटावर चांदणं पाडलंत."

"चांदणं तुमच्या कपाटातल्या कसरीने पाडलंय," ती म्हणाली. "मी फक्त दाखवतेय."

दूध ती बोटावर घेऊन बघे, सुटे पैसे दोनदा उलटेपालटे करी, मीटरचा आकडा वाचायला येणाऱ्याला ओळखपत्र मागे. गल्लीत तिचं नाव 'खातरजमा' पडलं. दूधवाला म्हणायचा, "खातरजमाताईंकडे म्हैस स्वतः दूध घेऊन आली तरी त्या म्हशीला विचारतील, तुझा गोठा कुठला?" हे तिच्यासमोरच म्हणायचा, आणि तीही म्हणायची, "विचारीनच. आणि पाणी कुठलं हेही विचारीन."

तिला एक धाकटा भाऊ होता. गाड्या दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, हाताने कसबी आणि संगतीने फुकट गेलेला. दुचाक्या चोरीला जाऊ लागल्या, त्यात त्याचं नाव आलं आणि तो नाहीसा झाला. आमच्या ठाण्याची एक रीत सगळ्या गल्लीला ठाऊक होती. भाऊ सापडत नसला की बहिणीला नेऊन बसवायचं, मुलगा सापडत नसला की बापाला. त्याचा कागद होत नसे. ठाण्याच्या वहीत नाव चढत नसे. हवा तो माणूस हजर झाला की बसवलेल्याला "जा आता" म्हणायचं. जो आत गेलाच नाही असं वही सांगते, त्याला सोडण्याचाही कागद लागत नाही.

ते तिला न्यायला आले ती भर दुपार होती. दोन शिपाई आणि त्यांच्याबरोबर गणवेशातली एक वयस्क बाई. ठाण्यात आणलेल्या बायकांची झडती घेणं, त्यांच्यावर लक्ष ठेवणं हे त्या बाईचं काम. आत बसलेल्या सगळ्याच बायका तिला मावशी म्हणत, म्हणून ठाणेदारापासून चहावाल्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत.

दुधाची खातरजमा करणारी ही बाई त्या दिवशी एक प्रश्नही न विचारता उठली. मी जिन्यात उभी होते. मावशी तिला म्हणाली, "चल गं पोरी, दोन प्रश्न विचारतील आणि सोडतील. मी आहे ना." तेवढ्यावर ती निघाली. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, "इस्त्री बंद केलीय काकू, तरी एकदा बघा."

ती परतली दुसऱ्या दिवशी सकाळी; भाऊ सापडला नव्हता, तरी तिला "जा आता" म्हणाले होते. माझ्या स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसली आणि पहिल्यांदा विचारलं ते इस्त्रीचं. मी बघितल्याचं सांगितलं. मग तिने झालेलं सांगितलं. तिला गजांच्या आत बसवलं होतं. दिवेलागणीला ठाण्याच्या साहेबाने मावशीला घरी पाठवलं, शिपायांना भावाच्या शोधाला पाठवलं, आणि चौकशी करायची म्हणून हिला बाहेर काढून आपल्या खोलीत नेलं. पुढचं तिने मोजक्या शब्दांत सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, तिने ते योग्य त्या ठिकाणी लिहून दिलं आहे.

"तू ओरडलीस का नाहीस?" असं पुढे तिला खूप जणांनी विचारलं. मी विचारलं नाही, कारण ती आपण होऊनच म्हणाली, "ओरडून कुणाला बोलावणार होते, काकू? पोलिसांना?"

आम्ही इस्पितळात गेलो आणि तिथून पोलिसांच्या वरच्या कचेरीत. तक्रार लिहून घेणारी अधिकारी तरुण मुलगी होती, मनाने चांगली होती. सगळं लिहून झाल्यावर खातरजमा म्हणाली, "आणि माझं एक कानातलं गेलं. तेही लिहा."

मुलीने मान वर केली. "ताई, एवढं मोठं घडलंय. त्यात कानातल्याचं कुठे घालता?"

"आत जाताना दोन होती, बाहेर येताना एक. एवढंच लिहा. मी ते मागत नाहीये."

"समोरचा वकील म्हणेल, बघा, हिला कानातल्याची पडलीय."

"म्हणू दे. माझं जे जे गेलं ते सगळं लिहा, असं तुम्हीच म्हणालात ना मघाशी?"

मीही तिला कोपराने डिवचलं, की राहू दे. ती बधली नाही. शेवटी मुलीने जबाबाच्या तळाशी एक ओळ घातली.

खटला उभा राहीपर्यंत बराच काळ गेला. मधल्या काळात भाऊ हजर झाला, त्याची चोरी सिद्ध झाली, शिक्षा भोगूनही आला. त्याचं प्रकरण सरळ होतं. तिचं सरळ नव्हतं. कोर्टाचे कागद ज्या भाषेत येत ती तिला येत नसे. ती भाषा कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी माझ्याकडून घोटून घेतलेली, म्हणून कागद वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं. सरकारच्या बाजूने लढणारी वकीलबाई अधूनमधून तिच्या खोलीवर येई, शिलाईच्या स्टुलावर बसे आणि आम्हा दोघींना समजावून देई.

"घडलं हे तो नाकारत नाहीये," वकीलबाई म्हणाली. "नाकारताच येणार नाही, डॉक्टरांचा अहवाल आहे. तो म्हणतो तिच्या मर्जीने घडलं. भावाला प्रकरणातून सोडवायला ती आपण होऊन आली, त्याच्या खोलीत बसली, आणि पुढचं तिनेच सुचवलं."

खातरजमा रफू करत होती. तिचा हात थांबला नाही. "आणि माझी मर्जी नव्हती हे मी कशावरून दाखवायचं? मर्जीला का भोक पडतं, टाका घालून दाखवायला?"

"तेच सांगतेय. नेहमीच्या प्रकरणात मर्जी नव्हती हे आपल्याला दाखवावं लागतं. अंगावर खूण हवी, आरडाओरडा ऐकलेला कुणीतरी हवा. आपल्याकडे दोन्ही नाही. पण बाई पोलिसांच्या ताब्यात असेल तर कायदा उलटा चालतो. तिने सांगितलं माझी मर्जी नव्हती, की कोर्टाने नव्हती असं धरूनच चालायचं. मग होती हे त्याने दाखवायचं."

"मग मी ताब्यातच होते की."

"तुम्ही होतात. वहीत तुम्ही नाही. तो म्हणतो तुम्ही भेटायला आलात, बाहेरच्या बाकावर बसलात, हवं तेव्हा उठून जाऊ शकत होतात. तुम्ही ताब्यात होतात एवढं जर मी दाखवू शकले, तर मर्जीचं ओझं त्याच्या डोक्यावर जातं. नाही दाखवू शकले तर तुमच्या डोक्यावर राहतं."

सगळं त्या एका गोष्टीवर येऊन ठेपलं होतं. त्या दिवशी ती ठाण्यात बसवलेली होती की बसलेली होती. आणि ते सांगू शकणारे सगळे त्याच्याच हाताखालचे.

त्या काळात तिचा संशय हा स्वभाव राहिला नाही, दुखणं झालं. समोरच्या पानाच्या ठेल्याशी कुणी जास्त वेळ उभा राहिला की ती पडदा ओढी. फोन वाजून बंद झाला की दिवसभर गप्प. मला आधी वाटे, ही जरा अतीच करते. मग एक तरुण नवी कोरी पँट घेऊन आला. गुडघ्यावर भोक. तिने ती उजेडात धरली, टाका घातला नाही, आणि त्याच्याकडे बघत विचारलं, "तुम्हाला कुणी पाठवलं?"

"म्हणजे काय? रफू करायचंय."

"हे फाटलेलं नाही. फाटलं की दोरे लांब-आखूड राहतात. हे कात्रीने कापलंय, तेही आत्ताच. चांगली पँट कापून रफूला कोण आणतं?"

तो पँट तशीच टाकून गेला. ती तिने मला दिली, मी एका गरजूला दिली. कोण होता, कशाला आला होता, आम्हाला कधीच कळलं नाही. तेव्हापासून मीही दाराच्या भोकातून बघायला लागले.

आणि एके दिवशी मावशी आली.

गणवेश नव्हता, त्यामुळे मी चटकन ओळखलं नाही. हातात एक लोकरी स्वेटर होता, कोपरावर विरलेला. खातरजमाने दार उघडलं आणि उंबऱ्यावरच उभी राहिली. मी माझ्या जिन्यात पायरीवर बसले, मुद्दामच.

"बस तरी म्हण," मावशी म्हणाली.

"ठाण्यात मला बस म्हणालात, तेवढं पुरे झालं."

मावशीने ते गिळलं. "स्वेटर आणलाय."

"तुमच्या घराजवळ रफूवाला नाही?"

"आहे. तुझं काम चांगलं म्हणतात."

खातरजमाने स्वेटर घेतला, उलटसुलट केला. तो खरोखरच झिजलेला होता, कापलेला नव्हता. म्हणून की काय, तिला आणखीनच संशय आला. "काय म्हणायचंय ते म्हणा, मावशी. स्वेटर नंतर."

मावशीने रस्त्याकडे बघून घेतलं. "तुझ्या जबाबात कानातल्याचं आहे म्हणे. ते काढ."

"का?"

"मी चोर नाही म्हणून. इतकी वर्षं बायकांचं सोनं-नाणं या हातांतून गेलंय. लोक काय काय म्हणतात आम्हाला. माझ्या नावावर एक पिन हरवल्याचं नाही."

"मी तुमचं नाव घेतलेलं नाही."

"नाव घ्यायला कशाला हवं? बायकांचे जिन्नस कोण काढून घेतं हे सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग हेच कोर्टात येऊन सांगा की, तुम्ही काढून घेतलेत म्हणून."

मावशीच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. खातरजमाच्या हातून स्वेटर परत घेत ती म्हणाली, "मला साहेबाच्या बाजूने बोलावलंय. त्यांनी सांगायला सांगितलंय तेच मी सांगणार आहे. घरी दोन नातवंडं आहेत माझ्या जिवावर." आणि निघाली. जाता जाता वळून म्हणाली, "तेवढं कानातल्याचं मात्र बघ."

दार लागलं. मी खाली गेले. खातरजमा खुर्चीत बसून होती.

"साहेबाने पाठवलं तिला," मी म्हणाले.

"असेल. किंवा स्वतः आली असेल."

"मग काढायची का ती ओळ? वकीलबाईही म्हणत होती, नडेल म्हणून."

"काकू, या सगळ्या प्रकरणात त्यांनी मला एकच गोष्ट काढायला सांगितलीय. बाकीचं सगळं राहिलं तरी चालतंय त्यांना. मग ती मी का काढू?"

ओळ राहिली.

सुनावणी बंद दाराआड झाली. तिच्या सोबतीला एक बाई चालेल असं न्यायाधीशांनी सांगितलं, म्हणून मी मागच्या खुर्चीवर बसू शकले. साहेब समोर बसला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात रुमाल. दिसायला कुणाचाही मोठा भाऊ वाटावा असा. त्याच्या वकिलाने तिला फार वरच्या पट्टीत काही विचारलं नाही. तो गोड बोलत होता.

"तुम्हाला गल्लीत काय म्हणतात, ताई?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "खातरजमा."

"का बरं?"

"मी चौकशी केल्याशिवाय काही घेत नाही म्हणून."

"मीटर वाचणाऱ्याला ओळखपत्र मागता?"

"हो."

"दूध बोटावर घेऊन बघता? गिऱ्हाइकाच्या कोटावर टाके घालता, पुढे भांडण नको म्हणून?"

"हो."

"आणि पोलीस न्यायला आले, तर ना कागद मागितलात, ना कुठे, कशासाठी विचारलंत. हे पटायचं कसं? इतकी सावध बाई न विचारता कुणाबरोबर जाते? जिथे तिला जायचंच असतं, तिथेच ना?"

ज्या स्वभावावर सगळी गल्ली हसत होती, तोच त्याने उचलून तिच्यासमोर ठेवला होता.

ती म्हणाली, "बरोबर एक बाई होती. म्हणून नाही विचारलं."

"एवढंच कारण?"

"एवढंच. आता बाई असली तरी विचारते."

वकिलाने ते हसण्यावारी नेलं. पुढे त्याने साहेबाच्या खोलीचं दार उघडं होतं का, ते विचारलं. ती म्हणाली मला माहीत नाही, माझा चष्मा काढून घेतला होता, मला समोरच्याचं तोंडही दिसत नव्हतं. चष्मा काढून घेतल्याचा काही पुरावा? नव्हता. साहेबाने आपल्या जबाबात सांगितलं होतं, की चष्मा सारा वेळ तिच्या डोळ्यांवरच होता.

मग त्याच्या बाजूच्या साक्षी सुरू झाल्या. दोन्ही शिपायांनी एकच गोष्ट एकाच चालीत सांगितली. बाई आपण होऊन आली, बाहेरच्या बाकावर बसली. आणि मग मावशी उभी राहिली. गणवेश कडक, केस चापून बसवलेले. तिने खातरजमाकडे बघितलं नाही.

"ही बाई स्वतःहून आली होती?" त्याच्या वकिलाने विचारलं.

"हो."

"कुठे बसली होती?"

"बाहेर. बाकावर."

"तुम्ही घरी गेलात तेव्हा ती कशी होती?"

"बरी होती. मी चहा दिला होता."

झालं, असं मला वाटलं. मी खातरजमाकडे बघितलं तर ती मावशीच्या हातांकडे बघत होती. आमची वकीलबाई उठली. तिच्याकडे फार काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तिने कागद चाळले, जरा वेळ घेतला, आणि मग तळाची ती ओळ वाचली.

"फिर्यादी म्हणते, ठाण्यातून बाहेर पडताना तिचं एक कानातलं कमी होतं. तुम्हाला याबद्दल काही माहीत आहे?"

"मी चोर नाही."

"मी तसं म्हटलं नाही. कानातलं गेलं कसं, एवढंच विचारतेय."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. साहेबाच्या वकिलाने आक्षेप घ्यायला तोंड उघडलं, पण त्याला बहुधा ही बाब आक्षेप घेण्याइतकी मोठी वाटली नाही. तो बसून राहिला.

"माझ्या हातून एक पिन हरवलेली नाही," मावशी म्हणाली. "माझ्याकडे दोन नव्हतीच. तिच्या डाव्या कानातली फिरकी गच्च बसली होती, साबण लावला तरी निघेना. म्हणून ते कानातच राहू दिलं. रुमालात उजवं बांधलं, केसातल्या पिना, बांगड्या आणि चष्मा. रुमाल कपाटात ठेवला. सकाळी सगळं जिथल्या तिथे होतं. डाव्याचं मला विचारू नका."

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. खातरजमाचा हात डाव्या कानाकडे गेला आणि तिथेच राहिला.

वकीलबाईचा आवाज बदलला नाही. "मावशी, ठाण्यात तक्रार द्यायला किंवा भेटायला बायका येतात. त्यांच्या पिना काढून घेता?"

"नाही."

"चष्मा?"

"त्यांचा कशाला घेऊ?"

"साबण लावून कानातलं?"

मावशीने नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"मग हे सगळं कोणत्या बाईचं काढून घेता?"

साहेबाचा वकील आता उठला होता. न्यायाधीशांनी हाताने त्याला बसवलं आणि मावशीला म्हणाले, "उत्तर द्या."

"आत बसवायची तिचं," मावशी म्हणाली. "काच असते, टोक असतं. जिवाचं काही करून घेऊ नये म्हणून काढून घ्यायचं असतं."

साहेब पहिल्यांदा तिच्याकडे वळून बघत होता. तिने त्याच्याकडेही बघितलं नाही.

बाहेर व्हरांड्यात मावशी एकटीच बाकावर बसली होती. तिच्याबरोबर आलेले शिपाई दुसऱ्या टोकाला उभे होते. मी खातरजमाला म्हणाले, चल. ती सरळ मावशीसमोर जाऊन उभी राहिली.

"मुद्दाम बोललात, की तोंडातून गेलं?"

मावशीने शिपायांकडे नजर टाकली. "माझी चौकशी लागेल आता. तिथेही हेच विचारतील."

"मग तिथे काय सांगाल?"

"तोंडातून गेलं म्हणेन. दुसरं काय म्हणू?"

"मला काय सांगता?"

"तुझं डावं माझ्याकडून हरवलं नाही. एवढं तू तरी मान."

"मानलं. मग कुठे गेलं?"

"ते तुला माहीत आहे," मावशी म्हणाली, "आणि त्याला."

घरी येताना रिक्षात खातरजमा म्हणाली, "उत्तर दिलंच नाही बघा तिने."

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटतं, त्या दिवशी ती कानातल्याचं काढ म्हणायला आली, ते मी काढू नये म्हणून आली. आणि लगेच वाटतं, नाही, तिला खरंच स्वतःची अब्रू तेवढी सांभाळायची होती, माझं काहीही होवो. दोन्ही पटतं. म्हणून दोन्हीवर विश्वास नाही."

मावशीची चौकशी झाली, तिची बदली करून दुसरीकडे कुठेतरी बसवलं असं ऐकलं. ती पुन्हा आली नाही.

निकाल लागला तेव्हा त्याला शिक्षा झाली हे आम्हाला कोर्टातच कळलं, पण खातरजमाला ते पुरेसं नव्हतं. निकालपत्राची प्रत मिळाल्यावर ती माझ्याकडे घेऊन आली आणि म्हणाली, सगळं वाचा, गाळू नका. मी वाचत गेले आणि आमच्या भाषेत सांगत गेले. बाकावर बसल्याची गोष्ट खोटी ठरली होती. अंगावरचे जिन्नस काढून घेतलेली स्त्री पोलिसांच्या ताब्यात होती यात शंका नाही, असं लिहिलं होतं. म्हणून तिची संमती नव्हती असं कोर्ट गृहीत धरत आहे.

"थांबा," ती म्हणाली. "गृहीत धरत आहे. म्हणजे त्यांनी माझं खरं मानलं, की कायदा तसं धरायला सांगतो म्हणून धरलं?"

मी चष्मा पुसला. पुढचं पान चाळलं. तिची साक्ष विश्वासार्ह आहे, असं कुठे स्वतंत्रपणे म्हटलंय का ते मी शोधत होते. असेलही, पण चटकन सापडेना. तिला खोटं सांगण्यात अर्थ नव्हता, तिने ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं असतं.

"कायदा सांगतो म्हणून धरलंय," मी म्हणाले. "निदान इथे तरी तसंच आहे."

"हं."

"पुढे शोधू का?"

"पुढे त्याचं काय लिहिलंय ते वाचा."

मी वाचलं. संमती होती हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर होती. त्याने त्यासाठी स्वतःच्या म्हणण्यापलीकडे काहीही पुढे आणलं नाही. ते म्हणणं पटण्यासारखं नाही.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे त्याला म्हणाले, दाखव."

"हो."

"आणि त्याला दाखवता आलं नाही."

"नाही आलं."

ती खिडकीतून खाली बघत राहिली. रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती. किती काळ जो तो तिलाच विचारत आला होता, दाखव, कशावरून, कोण होतं, का नाही ओरडलीस. इस्पितळात, कचेरीत, गल्लीत, तिच्या स्वतःच्या भावानेसुद्धा एकदा.

"तो वरच्या कोर्टात जाईल," ती म्हणाली.

"जाईल बहुतेक."

"तिथे पुन्हा मलाच विचारतील?"

"वकीलबाई म्हणते, हेच कागद बघतील."

"वकीलबाई म्हणते," ती म्हणाली, आणि निकालपत्र माझ्या हातून घेऊन एकेक पान उजेडात धरून बघायला लागली, अक्षर कळत नसतानाही. सगळ्या पानांवर कोर्टाचा शिक्का आहे ना, ते ती तपासत होती.